न घाबरणाऱ्या उंदरिणीची पिल्लं

डेल्फीन ब्रूसार्डने चार वर्षं खपून घडवलेल्या उंदरांचा वंश बुडायला निघाला होता.

ताण आला की मेंदूत एक चिमुकलं प्रथिन सुटतं आणि साऱ्या अंगाला खडबडून जागं करतं. त्या प्रथिनाचं जनुकच डेल्फीनने या उंदरांमधून काढून टाकलं होतं. पहिली पिढी ठणठणीत निघाली, तेव्हा सेंट लुईसच्या त्या प्रयोगशाळेत तिने सगळ्यांना केक खाऊ घातला. पुढे त्याच उंदरांच्या जोड्या लावल्या, तर पिल्लं जन्मायची, श्वासासाठी तोंड वासायची, निळी पडायची आणि दुपारपर्यंत संपायची. एकही वेत वाचलं नाही.

प्रमुख विटलो माणूस वाईट नव्हता, पण पिंजऱ्यांची जागा त्यांना जिवापेक्षा प्यारी. त्यांनी सांगून टाकलं, आता गाभण आहे ती शेवटची मादी. हिची पिल्लं गेली तर हे काम बंद. डेल्फीनने मान डोलावली आणि जिन्यात जाऊन रडून घेतलं. चार वर्षांचं मातेरं होताना कुणीही रडेल.

त्या रविवारी लुइझियानाहून तिच्या बहिणीचा, ओडेटचा फोन आला. ओडेटची मुलगी दिवस भरायच्या बरीच आधी जन्मली होती आणि आता कुठे घरी आली होती. डेल्फीनला बाळंतपणाला जाता आलं नव्हतं, त्याचे टोमणे आधी झाले.

"उंदरांची बाळंतपणं कर तू. सख्ख्या बहिणीचं काय एवढं!"

"चुकलंच गं माझं. पण इतक्या लवकर येऊन श्वास कसा घेतला पोरीने?"

"पोटात होती तेव्हाच मला इंजेक्शनं दिली ना. टोचायची मला, फुप्फुसं तयार व्हायची तिची."

डेल्फीनने मनातल्या मनात हिशेब मांडला. ते प्रथिन ताणाच्या वेळी अंगाला जे हार्मोन बनवायला लावतं, त्याचंच हे औषध भावंड. तिच्या मादीत ते प्रथिन नाही, म्हणून हार्मोनही जेमतेम, आणि पिल्लांची गत तीच. पहिल्या पिढीच्या आयांमध्ये जनुकाची एक प्रत शाबूत होती. त्यांनी आपलं हार्मोन पिल्लांना पोटातच पुरवलं होतं. या बिचाऱ्यांना कोण पुरवणार?

"ओडेट, तू माझा वंश वाचवलास."

"त्याला आधी नवरा लागतो, बाई."

विटलोंनी ऐकून घेतलं, नुसत्या पाण्यावर वंश वाढवणार का म्हणून चेष्टा केली, पण परवानगी मिळवून दिली. डेल्फीनने मादीच्या पिण्याच्या पाण्यात ते हार्मोन मिसळलं आणि वाट पाहिली.

मादी व्याली त्या सकाळी डेल्फीनला पिंजऱ्यात डोकावायचा धीर होईना. शेवटी विटलोच वाकले. पिल्लं गुलाबी होती. दुपारीही ती गुलाबीच राहिली, आणि पातळ कातडीतून त्यांच्या पोटातलं पांढरं दूध दिसायला लागलं.

"जिंकलीस, पोरी!" विटलो ओरडले आणि त्यांनी टेबलावर थाप मारली.

त्या खोलीत कुजबुजण्यापलीकडे आवाज काढायचा नाही, हा नियम त्यांचाच. चहूकडच्या पिंजऱ्यांत पळापळ झाली, उंदीर भुशात दडले. बाळंतीण घाबरली तर पिल्लं टाकते, कधी खातेसुद्धा. डेल्फीनने वळून पाहिलं.

ही मादी निवांत पाजत होती. तिचा कानही हलला नव्हता. डेल्फीनला हवा होता तो न घाबरणारा उंदीर हाच, आणि तो लेकुरवाळा होऊन समोर बसला होता. तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

विटलो ओशाळून हळूच म्हणाले, "माफ कर, भान राहिलं नाही."

डेल्फीनने डोळे पुसले आणि वेळ मोजायचं घड्याळ हातात घेतलं.

"सर," ती म्हणाली, "आणखी एकदा ओरडा."