चौदा किलो तांदूळ

एलिसेओ मला सोडून गेला तो मिठासाठी. गावात सगळे म्हणतात डेल्मासाठी गेला. पण त्याच्याबरोबर एकतीस वर्षं मी काढली आहेत, गावाने नाही. डेल्मा मियागाओच्या बाजारात सुकी मासळी विकते आणि माझ्या स्वयंपाकघरात तीन वर्षं मिठाचा कण नव्हता. त्याने दोन बायकांतून एक निवडली असं मला वाटतच नाही. त्याने दोन ताटांतून एक निवडलं.

मीठ मी काही हौसेने बंद केलं नव्हतं. प्रवाशांनी भरलेली जीपनी चालवता चालवता एक दिवस त्याला धाप लागली, ती थांबेचना. शहरातल्या इस्पितळात पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं. ओल्या चिंधीसारखं हलत होतं. डॉक्टर म्हणाले, हे बंद पडलेलं नाही, दमलंय. आत आलेल्या रक्तातलं जेमतेम पाव पुढे ढकलतं. म्हणून पाणी साचतं, आधी पायांत, मग पोटात, मग फुफ्फुसात. मीठ खाल्लं की आणखी साचतं.

तिथेच आम्ही त्या संशोधनात शिरलो. पेशंटचं वजन रोज सकाळी इस्पितळाला कळलं, तर अंगात पाणी भरायच्या आधीच त्याला सावरता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. अर्ध्या लोकांना घरी काटा मिळणार, अर्धे नेहमीसारखे तपासणीला येणार. पाकिटातून चिठ्ठी काढली, आम्हाला काटा निघाला. आमच्या लग्नात निघालेली तेवढी एकच लॉटरी.

काट्याबरोबर एक फोन दिला होता. सकाळी सहाला, लघवी झाल्यावर, खाण्याआधी, अनवाणी काट्यावर उभं राहायचं. आकडा आपोआप त्या फोनमधून इस्पितळात जायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढले की नर्स लिझेलचा फोन. आठ वाजेपर्यंत आकडा गेला नाही, तरी लिझेलचा फोन. आणि शुक्रवारी सगळं ठीक असलं, तर एलिसेओच्या स्वतःच्या मोबाइलवर इस्पितळाचा मेसेज यायचा: "शाब्बास, तुमचं वजन स्थिर आहे."

मार्चच्या दोन तारखेला तो "भावाकडे जाऊन येतो" म्हणाला. भाऊ डोंगरापलीकडे राहतो आणि एलिसेओ गेला बाजाराच्या दिशेने. मी खिडकीतून बघत होते. त्याने दाढी केली होती. आमच्याकडे भावाला भेटायला कोणी दाढी करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजत आले, तसं माझं लक्ष त्या फोनकडे गेलं. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मनांग म्हणतात, पुरुषाला मनोंग; आता लिझेल विचारणार, मनांग, मनोंगचं वजन का नाही आलं? आणि मी काय सांगू? इंदाय, पोरी, ते वजन सध्या मासळीवालीकडे आहे?

मी काट्यावर उभी राहिले. चोपन्न. एलिसेओ अडुसष्टचा. कोपऱ्यात तांदळाची गोणी होती. पातेल्याने काढून काढून मी चौदा किलोचं गाठोडं बांधलं, तान्ह्या मुलासारखं छातीशी धरलं आणि परत चढले. अडुसष्ट पूर्णांक दोन. टुण्ण करून आकडा गेला.

मला वाटलं होतं दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. भांडण होईल, मासळीचा कंटाळा येईल, परत येईल. आठवडा गेला. मी शिकत गेले. रोज तोच आकडा गेला तर संशय येईल, म्हणून एक दिवस मूठभर काढायची, एक दिवस दोन मुठी घालायची. पण मी एकटी असले तरी जेवत होतेच, आणि गोणी संपल्यावर भात त्याच गाठोड्यातून शिजत होता. तिसऱ्या आठवड्यात लिझेलचा फोन आला.

"मनांग पेर्पे, मनोंगचं वजन दीड किलो उतरलंय. जेवतात ना नीट?"

"जरा कमी झालंय गं खाणं."

"त्यांना द्या ना फोन, मी बोलते."

"अंघोळीला गेलाय."

"मनोंग फारच स्वच्छ राहायला लागलेत हं. मागच्या वेळी पण अंघोळीलाच होते." ती हसली. मग म्हणाली, "मनांग, तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या बैठकीत मी तुमच्या घराचंच उदाहरण देते. एकही दिवस चुकला नाही तुमचा. सगळ्यांची घरं अशी असती तर!"

मी त्याच दिवशी तांदूळ आणून गाठोडं भरलं.

हे सगळं लाजेपोटी केलं असं सांगितलं तर अर्धंच खरं. गावाला तर कधीच कळलं होतं. पण इस्पितळाच्या कागदावर एलिसेओ अजून माझ्याच घरात सकाळी सहाला उठत होता. ती एकच जागा उरली होती, आणि ती मला सोडवेना. शिवाय लिझेलचा फोन यायचा. "मनांग, तुम्ही कशा आहात?" हे दुसरं कोणी विचारत नव्हतं.

त्याची औषधं मात्र मी थांबवली नाहीत. संताप होता, पण तो गोळ्यांवर काढायची माझी हिंमत झाली नाही. दर शनिवारी सात कप्प्यांच्या डबीत गोळ्या भरून तीनचाकीवाल्या बेबोतबरोबर पाठवायची, तो रिकामी डबी आणून द्यायचा. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी डबी आली ती खुळखुळत. सातही कप्प्यांत पांढरी गोळी तशीच. पांढरी म्हणजे पाण्याची गोळी, अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी.

"हे काय रे, बेबोत?"

"मला काय विचारता, मनांग? मी डबी नेतो, डबी आणतो." मग डोकं खाजवत म्हणाला, "बाजारातलं संडास लांब आहे. मनोंग म्हणतात सारखं कोण चालणार. दम लागतो त्यांना."

"कधीपासून?"

"बरेच दिवस. आधी फेकून द्यायचे, या वेळी विसरले असतील. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. तुमच्याकडे काटा आहे ना."

माझ्याकडे काटा होता. त्या सकाळीच मी त्याच्यावर अडुसष्ट पूर्णांक तीन भरले होते. म्हणजे इस्पितळाच्या लेखी तो ठणठणीत होता, आणि तो ठणठणीत आहे तोवर त्याला कोणी फोन करणार नव्हतं. मी रोज सकाळी त्या माणसाची राखण करणारा डोळा स्वतःच्या हाताने झाकत होते.

मी बेबोतच्याच तीनचाकीत बसले.

डेल्माच्या ठेल्यामागे प्लास्टिकच्या खुर्चीत एलिसेओ बसला होता. आधी मी त्याचे पाय पाहिले. सपातांचे पट्टे कणकेत दोरा रुतावा तसे रुतले होते. पोट पुढे आलेलं. ओठ निळसर. मला बघून उठायला गेला आणि अर्ध्यातच परत बसला.

डेल्मा टोपल्या सारख्या करायची थांबली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हात खाऱ्या पाण्याने फुटलेले. म्हणाली, "मनांग, भांडायचं असेल तर मागे चला. इथे गिऱ्हाईक आहे."

"तुझ्याशी नंतर भांडते. हा रात्री झोपतो कसा?"

"खुर्चीत. आडवं झालं की गुदमरतो. म्हणतो, तुमच्याकडेही असंच झोपायचो."

"आणि तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना! चार वेळा म्हटलं इस्पितळात चल." तिने त्याच्या खिशातून मोबाइल ओढून माझ्यापुढे धरला. "पण हे बघा. दर शुक्रवारी इस्पितळातून येतं. 'शाब्बास, तुमचं वजन स्थिर आहे.' कालसुद्धा आलंय. म्हणाला, नवीन मशीन आहे, लांबून सगळं कळतं त्यांना. डॉक्टर शाब्बास म्हणतायत तर मी मासळीवाली काय बोलणार? मी त्याला खारवलेल्या माशांचा गिनामोस वाढत राहिले."

नऊ शुक्रवारचे नऊ मेसेज. माझे आणि तांदळाचे.

मी एलिसेओकडे पाहिलं. "तुला तर माहीत होतं, सेओ. तू काट्यावर उभा नव्हतास."

तो दोन शब्दांमागे एक श्वास घेत बोलला. "पहिला मेसेज आला तेव्हा मला कळेना. मग हसू आलं. म्हटलं, पेर्पे माझ्या जागी उभी राहतेय. म्हणजे राग नाही तिला. आणि हिला दाखवायला बरं पडलं. नाहीतर ही पण मीठ बंद करणार."

त्याचं जाणं मी गिळलं होतं. दाढी करून गेला तेही गिळलं होतं. पण मी ज्याच्यासाठी लाज राखत होते, तो माझं खोटं खिशात घालून हिंडत होता, आणि त्याच्यावर ताटभर मासळी मिळवत होता. खाल्ल्या मिठाला जागला नाही म्हणावं, तर मी मीठ घातलंच नव्हतं.

"बेबोत," मी म्हटलं, "घरी चल. काटा आणि तो फोन आणायचाय."

वीस मिनिटांत मी परत आले. ठेल्यासमोर ओल्या सिमेंटवर डेल्माने फडकं फिरवलं, मी काटा ठेवला. दोघींनी दोन बाजूंनी धरून त्याला उभा केला, मग हात सोडले. एकोणऐंशी पूर्णांक सहा. टुण्ण.

पाच मिनिटांत फोन वाजला.

"मनांग, तुमचा काटा बिघडला का? सकाळी अडुसष्ट आले होते, आता अकरा किलो जास्त!"

"काटा चांगला आहे, इंदाय. बिघडले मी. हे त्याचं खरं वजन. तो दोन मार्चला घरातून गेला. दुसऱ्या दिवसापासून जे गेलं, ते माझं वजन होतं. हातात तांदूळ धरून."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"सगळे दिवस?" लिझेलने विचारलं.

"सगळे."

"मी ते आकडे बैठकीत वाचून..." मग तिचा आवाज बदलला, फॉर्म भरून घेताना असतो तसा झाला. "श्वास कसा आहे? ओठ? बसवूनच आणा, आडवं करू नका. लगेच निघा."

ती आता माझ्या जवळची कोणी उरली नव्हती, हे मला त्या 'निघा'मधून कळलं.

डेल्माने ठेला शेजारणीवर सोडला. शहरापर्यंतच्या वाटेवर एलिसेओ आम्हा दोघींच्या मध्ये ताठ बसून होता. डेल्माच्या हातांना मासळीचा वास येत होता, माझ्या मांडीवर काटा होता.

सहा दिवसांत सुईतून दिलेल्या औषधाने त्याच्या अंगातलं दहा किलो पाणी निघालं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर आणला नसता तरी चाललं असतं. लिझेलने मला एका टेबलाशी बसवून कोरा कागद पुढे ठेवला. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे आकडे त्याचे नाहीत, ते माझ्या अक्षरात लिहून हवं होतं. मी मोजलं. अठ्ठावन्न दिवस.

"हे सगळं खोडलं जाईल का?"

"खोडत नाही आम्ही. शेजारी लिहितो, खरं नव्हतं म्हणून." ती कागदाकडेच बघत होती. "मनांग, तुम्ही एकदा सांगायचं होतं. मी ओरडले नसते."

"माहीत आहे."

"मग?"

मला कोणी फसवलं की कसं वाटतं, ते मी अठ्ठावन्न दिवस पोटात धरून होते. आणि रोज सकाळी सहाला तेच उचलून त्या मुलीच्या हातात देत होते. तिने कागद घेतला, सही तपासली, आणि काटा कोणाच्या घरी जाणार ते विचारलं. एलिसेओ पलंगावरून एकदा माझ्याकडे, एकदा डेल्माकडे बघत होता. अजूनही त्याला कोणीतरी दुसऱ्याने ठरवायला हवं होतं.

"पेशंट राहतो तिकडे," मी म्हटलं. "मासळीबाजाराच्या मागे."

म्हणजे काटाही गेला, तो फोनही गेला, लिझेलही गेली. गाठोडं सोडून मी तांदूळ डब्यात ओतले. बरेच निघाले, दोन महिने पुरतील.

हल्ली सकाळी सहाच्या सुमाराला माझा जुना मोबाइल वाजतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी उचलला.

"मनांग, डेल्मा बोलतेय. एकोणसत्तर पूर्णांक एक. काल अडुसष्ट आठ होतं. चालेल ना?"

"लघवीनंतर घेतलंस?"

"हो."

"नडगीवर अंगठा दाबून बघ. खड्डा पडतो?"

"थोडा. मनांग, मिठाशिवाय जेवत नाही हो तो. ताट सरकवतो. तुम्ही काय घालत होतात?"

"आलं, चिंच, गवती चहा. आणि शिव्या."

ती हसते. मी हसत नाही, निदान तिला ऐकू जाईल असं नाही. तिला माफ केलंय असंही नाही. तो विषय मी अजून काढलेला नाही. त्याला तर माफ नाहीच. पण फोन ठेवायच्या आधी मी तिला एक विचारते, आणि उत्तर आल्याशिवाय सोडत नाही.

"काट्यावर कोण उभं होतं, डेल्मा? तो की तू?"