सहा नळ्यांचा न्याय

कडोदऱ्याला धनसुखभाईंच्या खात्यात त्या सकाळी एकही लूम चालत नव्हता. सुरतेकडे कापडाच्या कारखान्याला खातं म्हणतात. खातं बंद ठेवून शेठ कामगारांना बायकापोरांसकट अंगणात बसवतो आणि वर चहाही पाजतो, हे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. पहिला चमत्कार खरं तर तोच. पण लोकांचे डोळे दुसऱ्याच चमत्काराला चिकटले होते.

मांडवाच्या मधोमध एक मोटारसायकल उभी होती, म्हशीच्या अंगाची. इंजिन एवढं रुंद की दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं, आणि त्याच्या पुढून सहा चकचकीत नळ्या शेजारी शेजारी उतरून पोटाखाली वळलेल्या. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलभर झेंडूचा जाड हार, आणि टाकीपासून हातभरावर जळत्या उदबत्त्यांचा जुडगा. पेट्रोलचा अजून भडका उडाला नव्हता, यालाच चमत्कार म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

गाडीवर षडानंद महाराज बसले होते.

"बाळांनो, ही गाडी नाही! हा षडाश्व आहे! सहा नळ्या, सहा रिपू. या टोकापासून मोजा, काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर! पुढच्या दिव्यावर हात ठेवा. ज्याच्या मनात जो रिपू दडलाय, तो आपल्या नळीतला अग्नी गिळून बसेल. माणूस खोटं बोलेल, दवाखान्यातलं मशीन खोटं बोलेल, षडाश्व बोलणार नाही!"

"सांभळो, सांभळो, ऐका," धनसुखभाई हात जोडून म्हणाले. "माझ्या गोदामातून कापडाचे ताके गेले. पोलिसाला बोलावलं असतं तर तुम्हालाच त्रास. म्हणून महाराजांना बोलावलं. ज्याची लोभाची नळी थंड, तो चोर. त्याने आजच्या आज काम सोडायचं, खोली पण सोडायची."

आधी सुकदेव नावाचा तरणा कामगार पुढे झाला. त्याने दिव्यावर हात ठेवला आणि महाराजांनी इंजिन चालू केलं. गाडी थरथरत, ठेचकाळत चालू लागली. "पाहा, पापाने कापतेय!" महाराज ओरडले. थोड्या वेळाने कुंदन नावाच्या शिष्याने लोट्यातून तापीचं पाणी नळ्यांवर ओतलं. चार नळ्यांवर ते चर्र करून उडून गेलं. दुसऱ्या आणि पाचव्या नळीवरून मात्र निमूट ओघळलं.

"क्रोध! आणि मद!"

सुट्टीवरून सुकदेव शेठशी मोठ्याने भांडला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. महाराजांना कसं कळलं? शेठनेच सांगितलं असेल, एवढी साधी शंका कोणाच्या डोक्याला शिवली नाही. सुकदेवने लोटांगण घातलं. महाराजांनी मंत्र म्हटला आणि सायलेन्सरमधून फाट्कन बार उडाला, ज्वाळेसकट. "गेला! रिपू गेला!" पुन्हा पाणी ओतलं तेव्हा सहाही नळ्या चरचरल्या.

या सगळ्यात पाहुण्यांच्या खुर्चीवर एक माणूस तोंड वाकडं करून बसला होता. त्यांचं नाव प्रभाकर देव. सरकारी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा वर्ग घेणारे शिक्षक, जिभेने तिखट आणि स्वतःच्या हुशारीवर खूश. महाराजांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आले होते ते फक्त गाडी बघायला. पण ही गाडी आदल्या दिवशी त्यांनीच नीट करून दिली होती, आणि तोच काटा आता टोचत होता.

झालं होतं असं. कुंदन हा त्यांचाच जुना विद्यार्थी. "सर, सहा सिलिंडर आहे. कोणाला जमत नाही," म्हणत तो त्यांना न्यायला आला. कतारगामच्या कुणा हिरेवाल्याच्या पोराने फार वर्षांपूर्वी ही परदेशी गाडी आफ्रिकेहून आणली होती. चार दिवस मिरवली, मग सुटे भाग मिळेनात म्हणून गोदामात टाकली. तिथून ती महाराजांच्या पदरी पडली. खोटेपणाला मदत करायला सर कधीच गेले नसते. पण सहा सिलिंडर म्हटल्यावर गेले, आणि ते त्यांच्या नावावर उधारच मांडायला हवं.

सहा सिलिंडरना सहा कार्ब्युरेटर, म्हणजे एका स्वयंपाकघरात सहा जावा. एकीच्या वाट्याला जरा जास्त पेट्रोल आलं की बाकीच्या रुसतात. सरांनी दुपारभर एकेक स्क्रू पिळत सहाजणींची समजूत घातली.

"तेल कधी बदललंस रे?" त्यांनी विचारलं.

"महाराज म्हणतात, षडाश्वाला तेल लागत नाही."

"मग तुझ्या महाराजांना जेवण लागतं का?"

कुंदन खाली बघून हसला. शेवटी सहाही सिलिंडर एका सुरात चालले, तेव्हा रेशमी कापड एका हिसड्यात फाडावं तसा आवाज उमटला. सरांचे डोळे भरून आले. क्लचची तार बघायला ते हँडलकडे वळले, तसा कुंदन आडवा आला. "सर, हाराला हात नको. पूजेचा आहे." तो पूजेचा हार तेव्हाच सुकून तपकिरी पडला होता.

आणि आज तीच गाडी ठेचकाळत होती. काल एका सुरात गाणाऱ्या सहांतले दोघे गप्प बसले होते. ते सरांच्या कानाने केव्हाच हेरलं. फक्त गप्प कोणी बसवलं, ते कळत नव्हतं.

कुंदनने ओल्या गोणपाटाने तापलेल्या नळ्या थंड केल्या. याला म्हणे अश्वस्नान म्हणायचं. मग लूमसाठी सुताच्या कांड्या भरणारी भागीरथी पुढे आली. विधवा बाई, पदर तोंडावर ओढलेला. इंजिन पुन्हा कापत चाललं, पाणी ओतलं, आणि पहिली नि सहावी नळी थंड निघाली.

"काम! मत्सर!" महाराज गरजले.

मागे कोणीतरी खिदळलं. भागीरथी मटकन खालीच बसली. दिवाळीआधी अंगचटीला आलेल्या मुकादमाच्या तिने कानफटात दिली होती. तोच मुकादम आता मिशीला पीळ देत उभा होता.

प्रभाकर सरांची मजा तिथे संपली. त्यांनी मनात आकडे मांडले. आधी दुसरी आणि पाचवी, आता पहिली आणि सहावी. पाप नेहमी जोडीने कसं येतं? नुसता रागीट माणूस जगात नाहीच की काय? आणि वीज चमकावी तसं उत्तर समोर आलं. या इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइल तीनच असतात. एक कॉइल दोन प्लग पेटवते, पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा. एका कॉइलची वीज तोडली की दोन नळ्या थंड. वीज तोडायला बटण हवं, आणि महाराजांचा डावा हात सकाळपासून त्या सुकलेल्या हारातून बाहेर आला नव्हता.

"भिकन!" शेठनी हाक मारली.

भिकन धुळ्याकडचा. सबंध आयुष्य लूमवर गेलेलं, शेठच्याच खोलीत संसार. बोनसचं नाव गेल्या महिन्यात त्यानेच पहिल्यांदा काढलं होतं. आज त्याच्यासाठी कोणती जोडी राखून ठेवलीय, हे सर आता डोळे मिटून सांगू शकत होते. लोभ आणि मोह. संध्याकाळी बिऱ्हाड रस्त्यावर.

उठून ओरडावं, तर गर्दीने चोपलं असतं. कॉइल म्हणजे काय हे समजावीपर्यंत भिकन चोर ठरला असता. सरांच्या खुर्चीशेजारीच भिकनची बायको शोभाबाई बसली होती. मांडीवर केळीच्या पानात ताजा हार, षडाश्वाला वाहायला आणलेला. ओठ पुटपुटत होते.

सर वाकून हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या घरी देवाला शिळा हार ठेवता का हो?"

"राम राम! शिळा हार? निर्माल्य सकाळीच काढतस आम्ही."

"मग तो बघा. कालही हाच होता. कालही सुकलेलाच होता."

शोभाबाईने मान वर करून पाहिलं. तिचा चेहरा बदलला. सरांसारखी शंका तिला नव्हती. तिचा षडाश्वावर पूर्ण विश्वास होता, आणि महाराजांचं दुर्दैव तेवढंच. ती ताडकन उठली.

"थांबा! देवले शिळा हार चालस का? मी ताजा हार लई उनू. आधी तो निर्माल्य काढा!"

"माई, नंतर. आता न्यायाची वेळ आहे," महाराज गोड हसले.

"मना मालकना न्याय शिळा हारवर करतस का? त्याना घरदारना प्रश्न शे!"

"हात लावू नका! शाप लागेल!" कुंदन मध्ये आला.

"हार बदलाले शाप?" मागून एक म्हातारी उठली. मग दुसरी, तिसरी. या बायकांनी आयुष्यात देवाधर्मातलं एकच काम स्वतःच्या अकलेने केलं होतं, आणि तिथे त्या कोणाचं ऐकणार नव्हत्या. "शिळ्या हाराचा देव असतो का कुठं?" "काल कोणी पूजा केली ओ याची?" महाराजांची मोठी पंचाईत झाली. नाही म्हणावं तर देवाचा अपमान, हो म्हणावं तर पोटावर पाय.

शोभाबाईने हाराला हात घातला. महाराजांनी घट्ट धरला. तिने ओढला. दोरा तटकन तुटला, वाळक्या पाकळ्या महाराजांच्या मांडीवर सांडल्या, आणि हँडलला काळ्या टेपने चिकटवलेली तीन बटणं उघडी पडली. दारावरच्या घंटीला असतात तसली. त्यांच्या वायरी टाकीखाली गेल्या होत्या.

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले.

"कुंदन," सर पुढे येत म्हणाले, "जोड पक्के केलेस रे. वायरिंगचे पुरे मार्क. अक्कल मात्र नापास."

कुंदन गाडीपासून दोन पावलं मागे सरला.

महाराजांनी गाडी स्टँडवरून ढकलली. पळायचा बेत असावा. पण सहा घोड्यांच्या या स्वाराने आजवर तिला वीतभरही चालवलं नव्हतं. ते अवजड धूड कलंडलं आणि महाराजांचा पाय खाली सापडला. सर धावले. "अरे, टाकीला पोचा येईल!" चौघांनी गाडी उचलली. महाराज आपोआप सुटले आणि मांडवाच्या खांबाला टेकून पाय चोळत बसले.

"शेठ, आता तुम्ही या," सर म्हणाले. "दिव्यावर हात ठेवा."

"मने शुं काम, साहेब? मला कशाला?"

"या ना शेठ! तुमचं मन तर गंगाजळ!" सुकदेव ओरडला. लोक हसले. शेठना यावंच लागलं.

सरांनी आधी उदबत्त्या विझवल्या आणि ओल्या गोणपाटाने नळ्या थंड केल्या. मग वायरी चाचपून मधलं बटण दाबून धरलं आणि इंजिन चालू केलं. गाडी ठेचकाळू लागली. सुकदेवने पाणी ओतलं. तिसरी आणि चौथी नळी थंड.

"लोभ! मोह!" गर्दीतून हशा आणि टाळ्या उसळल्या. सरांनी बटण सोडलं, आणि फाट्कन बार उडाला.

"हा रिपू नाही. हे न जळलेलं पेट्रोल आहे," सर आवाज चढवून म्हणाले. "सिलिंडर बंद असतो तेव्हा ते तसंच सायलेन्सरमध्ये साठतं, आणि ठिणगी परत आली की पेटतं. आणि पाणी टाकून थंड नळी शोधणं? कुठला सिलिंडर मेलाय ते गॅरेजमध्ये आम्ही रोज असंच बघतो. आजवर एकाही गाडीने मला गिऱ्हाइकाचा स्वभाव सांगितला नाही. भागीरथीबाई, उठा. तुमच्यात काही खोट नाही. खोट या बटणांत होती, आणि ज्यांनी ती दाबली त्यांच्यात. थोडा विचार करा. आज पापी कोण कोण ठरलं? जो भांडला, जिने कानफटात दिली, ज्याने बोनस मागितला. लोखंडाला हे कसं माहीत? कोणी सांगितल्याशिवाय नाही. चमत्कार दिसला की पाया पडायच्या आधी एवढंच विचारा, यातून फायदा कोणाचा? आणि जे झाकलेलं असेल, ते आधी उघडून बघा."

भागीरथी उठली. मुकादम केव्हाच मागच्या मागे निसटला होता.

धनसुखभाई घाम पुसत हसले. "मी पण फसलो ना! महाराजांनी मलाच फसवलं. चालो, झालं गेलं विसरा. भिकन, जा, लूम चालू कर."

भिकन वळला. पण शोभाबाई जागची हलली नाही. ताजा हार तिने पुन्हा पानात गुंडाळला आणि काखेत मारला.

"शेठ, मना मालक चोर नही शे, हाई गाडीनी नही सांगं. आते तुम्ही सांगा. ताके गयात ना? मग गोदाम उघडा. सगळ्यांसमोर मोजूत."

"हां, गोदाम उघडा!" सुकदेव म्हणाला. एकेक करून सगळे उठून उभे राहिले.

शेठचा हात खिशाकडे गेला. किल्ल्यांचा जुडगा वाजला, आणि हात खिशातच थांबला. तो काही केल्या बाहेर येईना.

ताके कुठे होते ते तेवढ्यावरून सगळ्या खात्याला कळलं. त्यासाठी कुठल्याही नळीवर पाणी ओतावं लागलं नाही.