हुआत किती वाढणार

आमच्या फ्लॅटमध्ये मोठा कुत्रा चालत नाही. सिंगापुरात सरकारी इमारतीत राहायचं तर ठरलेल्या छोट्या जातीचा एकच कुत्रा ठेवायचा, आणि संकर असेल तर मोठेपणी त्याचं उंची-वजन मापात हवं. हे मी पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बसमध्ये सांगितलं, उतरल्यावर सांगितलं, मादाम चिआंगच्या दारातही सांगितलं. आई गेल्यापासून ते खिडकीशी बसून होते. घरात काहीतरी जिवंत आणा, असं डॉक्टर म्हणाले होते. आणलेलं पुढे हाकलावं लागू नये, एवढीच माझी अट.

मादाम चिआंग बेवारस कुत्री सांभाळते. तिच्या अंगणात मी एक पांढरं, ओंजळीत मावेल असं पिल्लू हेरून ठेवलं होतं. त्याचे आईबाप दोघंही बुटके, म्हणजे काळजी मिटली. एवढ्यात एक तपकिरी पिल्लू टोपलीतून धडपडत बाहेर आलं आणि सरळ पांच्या चपलेवर डोकं टेकून झोपलं.

"झालं," पा म्हणाले. "हाच."

"पा, पंजे बघा त्याचे! हा घोडा होणार."

"कुत्रा आपल्या पायांनी आला की बरकत येते. आलेल्याला परत पाठवतात का? आजीनं काही शिकवलं नाही वाटतं तुला, सिओक एंग."

मी मादामकडे वळले. "ह्याचा बाप कोण?"

"आई छोटी आहे गं," ती नजर चुकवत म्हणाली. "बाप कुंपणावरून उडी मारून आला होता. कुंपण तूच बघून घे."

कुंपण माझ्या कमरेला लागत होतं. पण कित्येक महिन्यांत पा पहिल्यांदाच कशासाठी तरी हट्ट करत होते. मी हो म्हटलं.

पांनी नाव ठेवलं हुआत, म्हणजे भरभराट. मला ते नाव ऐकूनच धडकी भरायची. पा मात्र रोज सकाळी त्याला घेऊन खाली जाऊ लागले, कॉफीच्या दुकानाबाहेर बसून ओळखीच्या म्हाताऱ्यांशी पुन्हा भांडू लागले. मी कामावरून आले की आधी हुआतला चपलांच्या कपाटाशी उभं करून तिथली पेन्सिलची, उंचीची खूण बघायची, मग स्वतः पाणी प्यायची.

लिफ्टमध्ये शेजारचे अंकल सीत भेटायचे. "पिल्लू एवढंसं, पंजे केवढे! मोठा झाल्यावर कुणी तक्रार केली तर?"

"कुणी म्हणजे तुम्हीच ना, अंकल?"

"छे छे, मी कशाला!" असं म्हणत ते पुन्हा पंजेच बघायचे.

पण हुआत वाढेना. आठवडे गेले, खूण जेमतेम सरकली. मी खूश झाले. कुंपणावरून आलेला तो बापही बहुधा बुटकाच असणार, नुसता उड्या मारण्यात पटाईत, असं म्हणून मी मनातल्या मनात हसलेसुद्धा.

आईच्या वर्षश्राद्धाला मी दुपारीच घरी आले. देव्हाऱ्यापुढे नैवेद्याला ठेवलेले लाल केक फस्त झाले होते आणि हुआत त्यांच्याखालचं केळीचं पान चावत होता. केक खाऊन संपवणं मी समजू शकले असते. पण तो पान गिळत होता, पूजेचा कागद गिळत होता. मी हात उगारला.

"मारू नको," पा म्हणाले. "भुकेला आहे तो."

"भुकेला कसा? दुपारचं खाणं तुम्हीच देता ना?"

मी हुआतला उचललं. केसांखाली नुसत्या बरगड्या लागल्या.

"देतो. थोडंसं देतो," ते म्हणाले. "लढाईत जपान्यांनी सिंगापूर घेतलं त्या काळात, वाढायच्या वयात मला उकडलेल्या टॅपिओकाच्या कंदांशिवाय काही मिळालं नाही. मी एवढाच राहिलो. धाकटा भाऊ लढाईनंतरचा, तो माझ्यापेक्षा डोकंभर उंच. म्हटलं, हासुद्धा थोडा उपाशी राहिला तर..." त्यांनी हुआतच्या डोक्यावर हात ठेवला. "रोज माझ्याकडे बघायचा गं. मी खिडकीबाहेर बघायचो."

मला त्यांचा संताप आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. खूण सरकत नाही म्हणून रोज खूश होणारी मीच होते. मी त्याचं भांडं काठोकाठ भरलं. हुआत इतक्या अधाशीपणे खात होता की भांडं फरशीवरून घसरत भिंतीला जाऊन टेकलं.

"आणखी घाल," पा म्हणाले.

"एकदम नको, बाधेल. थोड्या वेळानं देऊ." मग मी विचारलंच, "पा, वाढला तर?"

"तर मलेशियात, इपोहला जाईल, तुझ्या बहिणीकडे. पोह चूच्या घराला अंगण आहे."

"आणि तुम्ही?"

भिंतीला हात टेकत पा कसेबसे खाली बसले. हुआत खायचा थांबला आणि मान वर करून त्यांच्याकडे बघू लागला.

"खा रे, पोटभर खा," ते म्हणाले. "माझ्याकडे बघू नको."