काचेबाहेरची ठकी

मास्तरांनी आयुष्यभर गणित शिकवलं, पण पोटच्या पोरीपुढे त्यांनी हात टेकले. ठकी देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजातून पहिली आली, बड्या सल्लागार कंपनीत लागली आणि वर्ष-दीड वर्षात राजीनामा देऊन, दोरीला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसू लागली.

शेजारचे डॉक्टर विचारायचे, "ठकी सध्या कुठे असते?"

"वरच्या मजल्यावर," मास्तर सांगायचे. डॉक्टरांना वाटायचं, बढती मिळाली.

खोटं बोललो नाही, एवढंच समाधान. घरात मात्र त्यांचा पाय ठरत नसे. पेपर उघडायचा, मिटायचा, खिडकीशी जायचं, परत यायचं. शेवटी बायको वैतागली. "अहो, एकदा जाऊन बघून तरी या. माझ्या मागचा ससेमिरा सुटेल."

गेले. इमारतीसमोरच्या बाकावर बसले, पण मान वर करायचा धीर होईना. बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधली. चष्मा पुसला. मग एकदाचं पाहिलं.

बऱ्याच वर दोघं दोरीला लटकली होती. एक ठकी, दुसरा तिचा उंचापुरा सोबती. ऊन रणरणत होतं. मास्तर बघत असतानाच सोबत्याचा हात थांबला, मान छातीवर पडली आणि तो दोरीवर नुसता लोंबकळू लागला.

रस्त्यावर माणसं जमली. आतल्या सूटबूटवाल्यांनी काचेला मोबाइल लावले.

"गेला वाटतं," कुणीतरी म्हणालं. "आणि ती बाई काय करतेय?"

ठकी काचेला पाय रेटून झोके घेत त्याच्याकडे सरकत होती. एकदा हुकलं. दुसऱ्यांदा तिने त्याचा पट्टा पकडला.

"माझी मुलगी आहे ती," मास्तर म्हणाले. आपण हे मोठ्याने बोललो, हे त्यांना बाजूचे लोक वळून बघायला लागल्यावर कळलं.

तिने आपला हूक त्याच्या पट्ट्यात अडकवला, त्याची दोरी सोडवली आणि दोघांचा भार घेऊन हळूहळू उतरू लागली. ती जमिनीला टेकेपर्यंत मास्तर बाकावरून उठून पुढे आले होते.

सोबत्याला सावलीत निजवून पाणी मारल्यावर त्याने डोळे उघडले. उन्हाने भोवळ आली होती. त्याला दवाखान्यात नेल्यावर ठकीचं मास्तरांकडे लक्ष गेलं.

"बाबा? तुम्ही इथे?"

"भाजीला आलो होतो."

"इतक्या लांब? पिशवीशिवाय?"

मास्तरांनी तिचे हात आपल्या हातात धरले. "कशासाठी गं हा जिवाशी खेळ? तिथे काय कमी होतं?"

"तिथे खुर्ची टोचायची. कुठल्या कंपनीतली किती माणसं काढता येतील, ते आम्ही छान रंगवून मांडायचो. घरी आल्यावर जेवण जायचं नाही."

"आणि इथे?"

ठकीने मान वर करून दोरीकडे पाहिलं. "वर असते तोवर बरं वाटतं. खाली आले की पुन्हा आत काहीतरी वळवळायला लागतं."

"म्हणजे हेही सोडशील?"

"माहीत नाही, बाबा. खरंच माहीत नाही."

ती सुखात असेल तर काय बोलायचं आणि दुःखात असेल तर काय, हे मास्तर वाटेत घोकून आले होते. हे उत्तर मात्र त्यांनी धरलंच नव्हतं.

काचा पुसणाऱ्यांचा मुकादम म्हणाला, "आज पुरे. उरलेली बाजू उद्या बघू."

"ऊन उतरलं की मी पुन्हा वर जाते," ठकी म्हणाली. "आज नाही गेले, तर उद्या पाय उचलणार नाही."

मास्तर 'नको' म्हणणार होते. ते म्हणाले, "आधी नीट पाणी पी."

उन्हं कलल्यावर ती चढली. मास्तर बाकावर गेले नाहीत. भिंतीजवळ येरझाऱ्या घालत, मान मोडेपर्यंत वर बघत राहिले.

"काका, मागे व्हा, अंगावर पाणी पडेल," रखवालदार म्हणाला.

पडलंच, साबणाचं, गढूळ. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वर पाहिलं.