शेवटची दहा मिनिटं

बाईंनी आत आल्या आल्या खिडकी लावून घेतली, कडी नीट बसली की नाही ते ओढून पाहिलं आणि मगच त्या खुर्चीत बसल्या. बाहेर चर्चच्या आवारात दोन माणसं गाडीच्या टपावर कोपर टेकून गप्पा मारत होती. त्यांचा आवाज बंद झाला.

"ऐकू जाऊ नये म्हणून," त्या म्हणाल्या.

"चालेल," समुपदेशिका म्हणाली.

खोली लहान होती. पूर्वी इथे मोडके बाक आणि फाटकी गीतपुस्तकं ठेवायचे. हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात अकरा वर्षं काढून समुपदेशिका इथे आली, तेव्हा तिने भिंतींना रंग देऊन घेतला आणि दोन खुर्च्या मांडल्या. जुने सहकारी तिची चेष्टा करायचे, "तुझं बरं आहे, अडलं की थेट वरच्या साहेबांशी बोलायचं." चर्चमधल्या काहीजणांना उलट वाटायचं, की देवावर भरवसा असेल तर हे प्रश्नबिश्न लागतात कशाला. ती दोन्हीकडे हसून वेळ मारून न्यायची. तिची रीत ठरलेली होती. पन्नास मिनिटं ऐकायचं, विचारायचं, जे शिकली ते सगळं पणाला लावायचं. शेवटची दहा मिनिटं, समोरच्याची इच्छा असेल तर, प्रार्थनेची.

बाई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या. एकोणीस वर्षं तेच काम. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहण्याआधी त्या त्याच्या चष्म्याकडे पाहायच्या.

"माझी मुलगी गेली, त्याला सात आठवडे झाले," त्या म्हणाल्या. "स्वतःहून गेली. तुमच्या कानावर आलंच असेल."

"हो."

समुपदेशिकेला त्याहून जास्त माहीत होतं. बाईंची मुलगी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, सव्वीस वर्षांची, आणि ती याच खोलीत तीनदा येऊन गेली होती. इथे कोण येतं ते बाहेर सांगायचं नाही, माणूस गेल्यावरही नाही, हा नियम. शिवाय मुलीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आईला कळता कामा नये.

"दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी एक वाक्य गाळलं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या वेळी म्हणतात, मेलेले पुन्हा उठतील त्या पुनरुत्थानाच्या आशेचं. मी वाट बघत होते. ते आलंच नाही. एकदम आमेन."

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"ते म्हणाले, गडबडीत राहिलं. आता एवढी कसली गडबड होती?" बाईंनी मांडीवरचा स्वेटर सरळ केला. "प्रार्थनेच्या बायका घरी आल्या. एक म्हणाली, जीव देणाऱ्याला स्वर्ग नाही, तिच्यासाठी आता प्रार्थना करून उपयोग नाही, तुझ्यासाठी करतो. मी त्यांना चहा दिला. ताई, मला एकच सांगा. ती कुठे आहे?"

तुम्हाला काय वाटतं, असं उलट विचारता आलं असतं. तसं शिकवलेलं असतं. समुपदेशिकेने ते विचारलं नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "देवाने तिला टाकून दिलं असेल, असं मला वाटत नाही."

"वाटत नाही. म्हणजे नक्की नाही."

"नक्की नाही."

बाईंनी मान हलवली. काच उजेडाकडे धरल्यावर ओरखडा दिसावा, तो कुठे आहे हे तरी कळावं, तशी ती मान हलली. प्रार्थनेसाठी त्यांनी हात जोडले, पण डोळे उघडेच ठेवले.

*

महिन्यातून एकदा समुपदेशिका तिच्या जुन्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंकडे जायची. हातातल्या कामाची तिथे उजळणी व्हायची, कुठे चुकतंय ते कळायचं. मुलीच्या मृत्यूनंतर ती तिकडे गेली, तेव्हा डॉक्टरबाईंनी फाइल बाजूला सारून सरळ विचारलं होतं,

"जीव द्यायचा विचार येतो का, हे तिला विचारलं होतंस ना?"

"विचारलं होतं," समुपदेशिका म्हणाली होती. "नाही म्हणाली."

डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. मग तू तुझ्याकडून केलंस, असं त्या म्हणाल्या होत्या.

तिने विचारलं नव्हतं. तिसऱ्या भेटीत, पन्नास मिनिटं होत आली असताना, मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली होती, "कधी कधी वाटतं, सगळं बंदच करून टाकावं." समुपदेशिकेला पुढचा प्रश्न माहीत होता. आडवळणाने नाही, स्पष्ट शब्दांत विचारायचा. विचारल्याने कोणी मरत नाही, हे तिने स्वतः नवख्या मुलींना शिकवलं होतं. पण मुलगी लगेच हसली आणि म्हणाली, "प्रार्थना करू या ना आता." समुपदेशिकेने हात जोडले. हात जोडताना तिला सुटल्यासारखं वाटलं. पुढे तिला जे टोचत राहिलं ते हेच, की तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. प्रार्थना चांगली झाली होती. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नवव्या दिवशी मुलगी गेली.

त्यानंतर तिने कोणाबरोबरही प्रार्थना करणं सोडलं नाही. शब्द यायचे. सवयीने यायचे. ती फक्त घरी एकटी असताना गुडघे टेकायची थांबली होती.

भेटीची वेळ मागणारी आईची चिठ्ठी आली तेव्हा डॉक्टरबाईंनी फोनवर बजावलं, "हिला तू घेऊ नकोस. दुसऱ्या कोणाकडे पाठव." ती हो म्हणाली. आणि मग तिने बाईंना बुधवारची वेळ दिली.

*

दुसऱ्या भेटीत बाई फारसं बोलल्या नाहीत. मध्येच म्हणाल्या, "तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय. द्या इकडे." त्यांनी पिशवीतून पेन्सिलीएवढा पेचकस काढला, दांडीचा स्क्रू आवळला, काड्या जराशा वाकवल्या, काचेवर फुंकर घालून ती पुसली. चष्म्यावाचून समुपदेशिकेला समोर नुसता एक राखाडी आकार दिसत होता. त्या आकाराने विचारलं,

"तुम्ही एकट्याच राहता?"

"हो."

"मग वाकडा झालेला कोण सांगणार," बाई म्हणाल्या आणि चष्मा परत तिच्या हातात दिला.

तिसऱ्या बुधवारी त्यांचा चेहरा मोकळा होता. केस कापून घेतले होते. खिडकी त्यांनी उघडीच राहू दिली. दुकानात नवी मुलगी आली आहे, तिला काम शिकवून झालं, असं त्यांनी सांगितलं. कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या. मुलीचे कपडे दोन दिवस धुऊन, इस्त्री करून, बांधून ठेवले.

"मागचं आवरलं बघा सगळं," त्या म्हणाल्या. "हलकं वाटतंय. तुमच्यामुळे."

घड्याळ खुर्चीच्या मागच्या भिंतीवर होतं, फक्त समुपदेशिकेला दिसेल असं. दहा मिनिटं उरली होती.

"चला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले. या वेळी डोळे मिटले.

समुपदेशिकेचे हात मांडीवरून उचलले गेले आणि तिने ते खुर्चीच्या हातांवर ठेवले. लाकूड घट्ट धरलं.

"आधी एक विचारायचंय," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक आला. "जीव द्यायचा विचार तुमच्या मनात येतो का?"

बाईंनी डोळे उघडले. बाहेर कोणीतरी गाडीचं दार लावलं.

"हे तिला विचारलं होतंत?" बाई म्हणाल्या.

नियम आठवला. मुलीने बजावलेलं आठवलं. डॉक्टरबाईंना दिलेलं उत्तरही जिभेवर तयारच होतं, एकदा वापरलेलं.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हाच विचारायला हवं होतं. तिने प्रार्थना करू या म्हटलं आणि मी केली. विचारायची भीती वाटली."

बाईंचे जोडलेले हात तसेच मांडीवर उतरले.

"तुम्हाला कसं कळलं, ती इथे यायची ते?" समुपदेशिकेने विचारलं.

"मी आई आहे. इथे तुम्ही बुधवारी बसता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बुधवारी ती उशिरा घरी यायची आणि नीट जेवायची. तीन बुधवार. चौथ्या बुधवारी गेली नाही. मी विचारलं, का गं, तर म्हणाली, झालं माझं." बाईंनी गाल आतून चावला. "मला वाटलं, बरं वाटायला लागलं असेल. मीही नाही विचारलं. मला तर शिकवलेलंही नव्हतं."

"मग तुम्ही इथे आलात..."

"ती जिच्यासमोर बसायची तिच्यासमोर बसायचं होतं. आणि तुम्ही खोटं बोलता का ते बघायचं होतं. पहिल्या दिवशी बोलला नाहीत. म्हणजे गप्प राहिलात. ते निराळं." त्या थांबल्या. "आता परत विचारा."

समुपदेशिकेने खुर्ची पुढे ओढली. दोघींचे गुडघे जवळजवळ टेकले.

"जीव द्यायचा विचार येतो का?"

"येतो," बाई म्हणाल्या. "रोज. कपडे बांधून झाल्यावर दिवससुद्धा ठरवला होता."

"कोणता?"

"उद्याचा."

घड्याळात तास भरला आणि त्यावर आणखी वीस मिनिटं झाली. दारावर पुढच्या माणसाने टकटक केलं, तेव्हा समुपदेशिकेने बाहेर जाऊन आज जमणार नाही असं सांगितलं आणि ती परत येऊन त्याच जागी बसली. काय, कसं, घरात काय ठेवलं आहे, कोणाला बोलावता येईल, सगळं तिने विचारलं. बाईंनी पिशवीतून काढून दिलेली एक बाटली तिने टेबलावर ठेवली. मग फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, लगेच घेऊन ये.

दोघी चालतच निघाल्या, हॉस्पिटल लांब नव्हतं. वाटेत समुपदेशिकेने डॉक्टरबाईंना दिलेल्या खोट्या उत्तराबद्दल बाईंना सांगितलं. का सांगितलं ते तिलाही कळलं नाही. बाई ऐकत होत्या. रस्ता ओलांडताना त्यांनी तिचं मनगट धरलं आणि पलीकडे गेल्यावर सोडलं.

डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर लांब बाक होता. समोर परिचारिका नावं लिहून घेत होती. बाकावर टेकल्यावर बाई म्हणाल्या, "राहिलं ना मघाचं." त्यांनी स्वतःच सुरुवात केली. प्रार्थना दोन वाक्यांची होती. पहिल्यात मुलीचं नाव होतं. दुसऱ्यात दफनाच्या वेळी गाळलेलं ते वाक्य होतं, पुरतं, एकही शब्द न चुकता. समुपदेशिका आमेन म्हणाली.

आतून घंटी वाजली. परिचारिकेने मान वर केली.

"कोण येतंय आधी?"

समुपदेशिका उठली आणि तिने बाईंना हात दिला. बाईंनी तो धरला नाही. त्या बाकावर थोड्या मागे सरकून, भिंतीला पाठ टेकून बसल्या.

"तुम्ही जाऊन या आधी," त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे."