चपलांची जागा

आमच्या मंचरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सेफ्टी ऑफिसर टिकत नसत. दोन वर्षांत दोन गेले. तिसरी आली आशा, पेठची, डिप्लोमा करून. हे २००४ सालचं. मी तिथं वजनकाट्यावर असे.

खोल्या गार ठेवायला अमोनिया लागतो, आणि तो गळला तर डोळे जातात. बावीस वर्षं तो सांभाळला हौशीरामभाऊंनी. शिक्षण सातवी, पण मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखत. दिवाळीला ते रिटायर होणार होते.

आशानं गळतीचा सराव घेतला. भोंगा वाजला की मशीनघरापासून लांब, चिंचेखाली जमायचं, हे तिनं दहादा बजावलं होतं. भोंगा वाजला, आणि बटाटा निवडणाऱ्या चाळीस बाया थेट मशीनघराच्या भिंतीकडे धावल्या. चपला तिथं होत्या ना! माल म्हणजे लक्ष्मी, शेडमध्ये सगळ्या अनवाणी.

झुंबरबाई तर खाली बसून जोड शोधत होती. "नवी हाय बाई, परवाच घेतलीय!"

भाऊ खो खो हसले. आशानं राजीनामा लिहून माझ्या हातात ठेवला. "सोमवारी मालक आले की द्या."

मी कागद घेऊन आधी भाऊंकडे गेले. "पहिल्या दोघांनाबी तुमीच हसून पळवलंत. दिवाळीनंतर मशीन कोण ऐकणार? मी?"

ते उठले. मग आशापुढं जाऊन उभे राहिले.

"शहाण्णवला गळती झाली, तवाबी बाया चपलांकडंच पळाल्या. ठमाबाईचा डोळा गेला."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"इचारलं न्हाई कुणी. आन् आमचं ऐकतंय कोण? शिक्षणाचा कागद न्हाई आमच्याकडं."

"माझ्याकडे आहे. माझं तरी कोण ऐकतंय!"

त्या दुपारी दोघांनी चपलांची फळी उचलून चिंचेखाली नेली. शनिवारी पुन्हा भोंगा. बाया सवयीनं चपलांकडंच धावल्या, आणि दोन मिनिटांत चाळीसच्या चाळीस बरोबर जागी.

"आता तरी ऱ्हावा, म्याडम," भाऊ म्हणाले.

"तुम्ही राहता का? मला मशीनचा आवाज अजून कळत नाही. एक वर्ष शिकवा."

भाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "घरी बायकोला, तुकाबाईला इचारावं लागंल. तिनं दिवाळीपातुर माझे दिवस मोजून ठेवलेत."

"विचारा. तोवर मी राजीनामा मागं घेत नाही."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच भाऊ सुट्टी व्हायच्या आधी घरी निघाले.