नातेवाईक : नाही

उपसचिवसाहेबांनी सख्ख्या बहिणीला बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसवून ठेवलं. शिपाई दोनदा पाणी विचारून गेला. साहेबांच्या वाटची लाज बहुधा त्यालाच वाटत असावी.

बहिणीला सगळे सुई म्हणत, घरीही आणि संस्थेतही. संस्था म्हणजे शंभरेक देशांतल्या चिवट लोकांची साखळी. सरकार अर्थसंकल्पाची कागदपत्रं लोकांसमोर वेळेत ठेवतं की नाही, हे ते सगळीकडे एकाच प्रश्नावलीने तपासून गुण देत; मुदत चुकलेल्या कागदाला शून्य. इथली उत्तरं सुई लिहायची, शेजारच्या देशातल्या एक निवृत्त लेखापरीक्षक बाई ती पडताळायच्या, आणि मग सरकारला आपलं म्हणणं लेखी मांडायची मुभा असे. साहेबांनी लेखणी उचलायचे कष्ट न घेता सुईलाच बोलावून घेतलं होतं.

"सहामाही अहवालाला शून्य?" बस असंही न म्हणता त्याने सुरुवात केली. "संकेतस्थळावरची तारीख बघ. एकतीस. मुदतीच्या आत."

"तारीख एकतीस आहे, अहवाल नऊ दिवसांनी आला. मी रोज सकाळी तुमचं पान उघडून स्क्रीनशॉट काढते, दादा. उशीर झाला तर झाला, मागची तारीख कशाला घातलीत?"

"मला शिकवू नकोस." त्याने खणातून एक कागद काढला. "उत्तरांसोबत तुझं प्रतिज्ञापत्रही आमच्याकडे येतं. सरकारात जवळचे नातेवाईक? इथे काय लिहिलंयस?"

तिथे सुईनेच 'नाही' लिहिलं होतं, सहा वर्षं, दर वर्षी. वडील गेले तेव्हा घराच्या वाटणीवरून या माणसाने चारचौघांत "मला बहीण नाही" म्हणून जाहीर केलं होतं. तिनेही मग त्याला फॉर्मवरून पुसून टाकलं. तेव्हा कसं गार वाटलं होतं! पण खोटं ते खोटंच.

"शून्य काढ, मी हा कागद विसरतो. नाहीतर तुमच्या त्या पडताळणाऱ्या शेजारणीला कळवतो. नोकरी तर जाईलच, वर खोटारडी म्हणून शंभर देशांत नाव होईल."

त्याच्या एक कानाखाली वाजवावी असं तिला मनापासून वाटलं. त्याऐवजी तिने त्याच्यासमोरच बाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"बाई, मी प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं. इथला उपसचिव माझा सख्खा भाऊ आहे."

सहा वर्षांत बाईंना तिच्या उत्तरांत एकही चूक सापडली नव्हती.

"मग तुला काढावं लागेल," बाई म्हणाल्या. चांगल्याच संतापल्या होत्या. "तुझं एकूण एक उत्तर दुसरं कुणीतरी नव्याने तपासेल. मूर्ख आहेस तू."

"आणि सहामाही अहवाल?"

"तू पाठवलेले स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडे. ते शून्य कुणाच्या बहिणीवर अवलंबून नाही."

फोन बंद झाला. दादा ताडकन उठला. "डोकं फिरलंय तुझं! दाबला असता ना मी कागद. कुणाला कळलं असतं?"

"दाबलेले कागद शोधणं हेच माझं काम आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "होतं."